वायर रोपला बुलडॉग क्लिपा: कोणत्या, किती आणि कशा लावायच्या

हार्डवेअरच्या दुकानात बुलडॉग क्लिप मागितली की दुकानदार एकच प्रश्न विचारतो, "किती सुताची?" आपण "चार सूत" म्हणतो, तो खोक्यातून मूठभर क्लिपा काढून काट्यावर टाकतो आणि व्यवहार संपतो. खरं तर अजून चार प्रश्न बाकी असतात. दोरावर नेमकं काय लटकणार आहे? क्लिप घडीव आहे की ओतीव? एका टोकाला किती लागतील? नट किती ताकदीनं आवळायचे? ही उत्तरं मिळाल्याशिवाय सूत बरोबर जुळूनही उपयोग नाही.

क्लिप काम कशी करते हे डोळ्यापुढे ठेवलं तर पुढचे सगळे नियम आपोआप पटतात. क्लिपेत तीन भाग असतात: वाकवलेली सळई म्हणजे यू-बोल्ट, खोबण असलेला जाड ठोकळा म्हणजे सॅडल, आणि दोन नट. क्लिप म्हणजे गाठ नव्हे. दोर वळवून त्याचा फास केला की दोन पदर शेजारी येतात: एक भार ओढणारा, त्याला आपण ताणाचा दोर म्हणू, आणि दुसरा वळून आलेला मोकळा तुकडा, म्हणजे शेपूट. क्लिप हे दोन पदर एकमेकांवर दाबून धरते, बस्स. दाबामुळे घर्षण होतं आणि त्या घर्षणावर सगळा भार तोललेला असतो. नट सैल झाला की दाब गेला, दाब गेला की घर्षण गेलं आणि शेपूट सुळकन निसटलं. म्हणून बाजू, संख्या, अंतर आणि आवळणी यांपैकी एकातही कसर चालत नाही.

आधी हे ठरवा: इथे क्लिप चालते का?

क्लिपा मुख्यतः स्थिर भारासाठी आहेत. पत्र्याच्या शेडचे ताण (बाजूने खेचून धरणारे दोर), होर्डिंगचे आणि अँटेनाच्या खांबाचे ताण, शेडनेटच्या कोपऱ्यांचे दोर, मांडवाचे खांब, बांधकामावरचा तात्पुरता आधार, ही क्लिपेची घरची कामं. एखादं यंत्र एकदाच उचलून जागेवर बसवायचं असेल तर जाणकाराने हिशेब तपासून क्लिपेचा फास वापरता येतो.

क्रेनचा रोज वरखाली होणारा दोर, खाणीतला उचल दोर आणि रोजच्या वापराच्या स्लिंगा, म्हणजे माल अडकवून उचलायचे दोर, मात्र या यादीत नाहीत. ईएन १३४११-५ हे क्लिपांचं युरोपीय मानक या तिन्ही कामांत मुख्य बांधणी म्हणून क्लिपा धरतच नाही. कारण साधं आहे. भार चढतो, उतरतो, झटका बसतो, दोर दरवेळी थोडा बारीक होऊन पुन्हा फुगतो आणि नट तेवढेच सैल पडतात. तपासत राहणं हा एकच उपाय, आणि रोजच्या घाईत नेमकं तेच राहून जातं.

आपल्याकडे विहीर खोदताना यारीच्या दोराला बादली अडकवतात ती बऱ्याचदा क्लिपांवरच. त्याच बादलीत उभं राहून माणसंही खाली उतरतात. दिवसभर मुरूम आणि दगड वर काढणारा, कप्पीवरून सतत फिरणारा आणि दर फेरीला झटका खाणारा दोर हे क्लिपेचं काम नाही. वायर रोपच्या व्यापाऱ्याकडे थिंबल (फासाच्या आत बसणारी धातूची खोबणीची कडी) घालून, मशीनवर दाबलेल्या फेरूलचा, म्हणजे धातूच्या नळीचा, फास करून मिळतो. यारीला तो करून घ्यावा आणि कामाच्या मापाचे दोन तयार दोर जवळ ठेवावेत. माणसांची ने-आण बादलीतून करूच नये, त्यासाठी विहिरीत शिडी सोडावी. क्लिपा कितीही चांगल्या असल्या तरी इथे त्यांची बाजू घेता येणार नाही.

दोराचं माप

'सूत' म्हणजे एक अष्टमांश इंच, साधारण ३.२ मिमी. दोन सूत म्हणजे पाव इंच किंवा ६ मिमीच्या जवळ, अडीच सूत ८ मिमी, तीन सूत साडेनऊ, चार सूत १२.७, पाच सूत १६ आणि सहा सूत १९ मिमी. गोंधळ चार सुताला होतो. दोर १२ मिमीचा असतो आणि क्लिप १३ ची, किंवा उलट. बहुतेक उत्पादकांच्या क्लिपेवर '१२-१३' किंवा अर्धा इंच असं माप उमटवलेलं असतं. नुसतं 'चार सूत' ऐकून घेऊ नका, क्लिपेवरचं माप वाचा.

दोर व्हर्नियरने मोजा. सहा पेडांचा दोर चिमटीत धरून पाहिला तर त्याचा आकार गोल नसून षटकोनी भासतो. व्हर्नियरच्या जबड्यांत समोरासमोरच्या दोन पेडांचे फुगवटे आले पाहिजेत. दोन पेडांमधल्या सपाट बाजूवर मोजलं तर माप कमी येतं आणि मग लहान क्लिप गळ्यात पडते. तीन-चार ठिकाणी, दोर थोडा फिरवून मोजा. नवा दोर नावापेक्षा थोडा जाड निघतो, त्यात वावगं काही नाही. जुना दोर नावापेक्षा बराच बारीक भरला तर प्रश्न क्लिपेचा उरत नाही, दोरच बदलायला हवा.

मोठी क्लिप लहान दोराला लावणं ही रोज दिसणारी चूक. १६ ची क्लिप १२ च्या दोरावर आवळली की यू-बोल्टचा आटा संपतो, नट टेकतो, पान्याला घट्ट लागतं आणि आत दोर मात्र सैल असतो. लहान क्लिप मोठ्या दोरावर ठोकून बसवली तर पेड चेपतात. दोन्हींत बाहेरून बघणाऱ्याला सगळं ठीक वाटतं, हाच धोका.

प्लॅस्टिकचं आवरण असलेला दोर, म्हणजे गच्चीवर कपडे वाळत घालायला वापरतात तसा, असेल तर क्लिप जिथे बसणार त्या लांबीवरचं आवरण सोलून काढा. आवरणासकट आवळलेली क्लिप प्लॅस्टिकला धरते, तारेला नाही. उन्हात प्लॅस्टिक मऊ झालं की दोर आतल्या आत सरकतो.

घडीव की ओतीव

बाजारात दिसायला सारख्या दोन जाती मिळतात. एक घडीव, म्हणजे तापलेलं पोलाद साच्यात ठोकून केलेली, तिला 'फोर्ज्ड' म्हणतात. दुसरी ओतीव, मॅलिएबल लोखंडाची. भार असेल तर घडीवच घ्या. ओतीव क्लिप कुंपणाला, वेलीच्या तारेला, कपड्यांच्या दोरीला, म्हणजे तुटली तरी कुणाला लागणार नाही अशाच ठिकाणी वापरावी.

ओळखायची कशी? हातात घेऊन वजन बघा. एकाच मापात घडीव क्लिपेचं सॅडल जाडजूड आणि जड लागतं. तिच्या अंगावर मापाबरोबर उत्पादकाचं नाव किंवा खूण ठसठशीत उठलेली असते. ओतीव क्लिपेचा पृष्ठभाग दाणेदार असतो, साच्याची रेघ उघडी दिसते आणि बऱ्याचदा मापाखेरीज काहीच लिहिलेलं नसतं. सॅडलच्या आत डोकावून पाहा. चांगल्या घडीव क्लिपेत दोराच्या पेडांना जुळणाऱ्या तिरप्या खाचा असतात, त्यामुळे पेड खाचेत बसतात आणि दाब सारखा पसरतो. या खाचा सहसा उजव्या पिळाच्या दोरासाठी असतात, आणि आपल्याकडे मिळणारे बहुतेक दोर उजव्या पिळाचेच असतात. डाव्या पिळाचा दोर असेल तर क्लिपेच्या उत्पादकाला विचारूनच घ्या.

भारतीय मानकात बुलडॉग ग्रिपसाठी आयएस २३६१ आहे आणि थिंबलसाठी आयएस २३१५. बिलावर आणि मालावर ते मागा. 'डीआयएन ७४१' हे नाव दुकानात खूप ऐकू येतं. ते जुनं जर्मन मानक केव्हाच मागे घेतलं गेलं, आणि त्या घाटाच्या हलक्या क्लिपा भाराच्या कामाला घ्यायच्या नाहीत. त्यानंतर डीआयएन ११४२ आलं आणि आता त्याच धर्तीवर ईएन १३४११-५ आहे.

मुलामा कुठला हवा हे जागा ठरवते. कोकणपट्टीत किंवा गोव्यात, समुद्राच्या वाऱ्यावर, चकचकीत निळसर-पांढऱ्या विद्युत मुलाम्याची क्लिप दोन पावसाळ्यांत गंजून नट धरून बसते. तिथे गरम जस्तात बुडवलेली, राखाडी खरखरीत दिसणारी क्लिप घ्या. दोर स्टेनलेसचा असेल तर क्लिपही स्टेनलेसची. दोन वेगळे धातू खाऱ्या ओलाव्यात एकत्र आले की त्यातला लवकर गंजणारा धातू खाल्ला जातो. स्टेनलेस क्लिपेचे आटे मात्र एकमेकांना चिकटून जाम होतात. नट जोरात, झटके देत फिरवू नका आणि उत्पादकाने सांगितलेलं वंगण वापरा.

यू-बोल्टच्या क्लिपेला एक पर्याय आहे. दोन्ही बाजूंना सॅडल असलेली दुहेरी क्लिप, जिला 'फिस्ट ग्रिप' म्हणतात. तिच्यात चुकीची बाजूच नसते आणि ती दोराला कमी चेपते. महाग पडते आणि सगळीकडे मिळत नाही. पण जिथे काम करणारे हात रोज बदलतात तिथे जास्तीचे पैसे वसूल होतात. तिची संख्या आणि आवळणी तिच्याच तक्त्यातून घ्यावी, पुढे दिलेल्या तक्त्यातून नाही.

किती क्लिपा, किती शेपूट, किती आवळायचं

अमेरिकी घडीव यू-बोल्ट क्लिपांचा तक्ता असा आहे. 'शेपूट' म्हणजे थिंबलपासून मागे वळवायची दोराची लांबी, आणि शेवटचा न्यूटन-मीटरचा आकडा म्हणजे नट आवळायचा जोर (टॉर्क). हे आकडे ६×१९ आणि ६×३६ वर्गातल्या (सहा पेड, प्रत्येकात साधारण १९ किंवा ३६ तारा) नेहमीच्या दोरांसाठी आहेत, गाभा तागाचा असो वा पोलादी.

६ मिमी: २ क्लिपा, शेपूट १२० मिमी, २० न्यूटन-मीटर
८ मिमी: २ क्लिपा, १३३ मिमी, ४१ न्यूटन-मीटर
१० मिमी: २ क्लिपा, १६५ मिमी, ६१ न्यूटन-मीटर
१२-१३ मिमी (अर्धा इंच): ३ क्लिपा, २९२ मिमी, ८८ न्यूटन-मीटर
१६ मिमी: ३ क्लिपा, ३०५ मिमी, १२९ न्यूटन-मीटर
१९ मिमी: ४ क्लिपा, ४६० मिमी, १७६ न्यूटन-मीटर
२२ मिमी: ४ क्लिपा, ४८० मिमी, ३०५ न्यूटन-मीटर
२५ मिमी: ५ क्लिपा, ६६० मिमी, ३०५ न्यूटन-मीटर

आता युरोपीय तक्ता बघा. तिथे १० मिमीला ४ क्लिपा आणि फक्त ९ न्यूटन-मीटर, १३ मिमीला ४ क्लिपा आणि ३३ न्यूटन-मीटर, १६ मिमीला ४ क्लिपा आणि ४९ न्यूटन-मीटर. एकाच मापाला एकीकडे ८८ आणि दुसरीकडे ३३! दोन्ही बरोबर आहेत, कारण क्लिपेची घडण वेगळी, संख्या वेगळी आणि मोजायची रीतही वेगळी. अमेरिकी आकडे कोरड्या, स्वच्छ आट्यांसाठी आहेत. युरोपीय आकडे वंगण लावलेल्या आट्यांसाठी आहेत. वंगण लावलेल्या आट्यावर तेवढाच जोर लावला तर दाब कितीतरी जास्त पडतो. म्हणून युरोपीय घाटाची क्लिप ८८ वर आवळली तर आटा ताणला जाईल किंवा तुटेल, आणि अमेरिकी घाटाची तीन क्लिपांत ३३ वर सोडली तर दोर सरकेल. एका तक्त्यातली संख्या आणि दुसऱ्यातली आवळणी अशी खिचडी कधीच करू नका. क्लिप ज्या मानकाची, तक्ता त्याच मानकाचा.

खोक्यावर काहीच लिहिलेलं नसेल तर? मग ती क्लिप भाराच्या कामाला घ्यायचीच नाही. ओतीव क्लिपांवर काम भागवायची वेळ आलीच तर संख्या एकाने वाढवा. अमेरिकेच्या बांधकाम सुरक्षा नियमांत अर्ध्या इंची दोराला घडीव ३ आणि इतर धातूच्या ४, पाऊण इंचीला घडीव ४ आणि इतर ५, असाच हिशेब आहे. त्याच नियमांत दोन क्लिपांमधलं किमान अंतर दोराच्या व्यासाच्या सहापट धरलं आहे, म्हणजे अर्ध्या इंचीला ३ इंच.

तक्त्यापेक्षा जास्त क्लिपा लावायच्या असतील तर शेपूटही त्याच प्रमाणात लांब ठेवा. आहे तेवढ्याच लांबीत चार-पाच क्लिपा एकमेकींना चिकटवून कोंबल्या तर दोर जागोजाग चेपतो आणि क्लिपा एकमेकींचं काम वाढवतात. थिंबलऐवजी दोर कप्पीवरून वळवून बांधला असेल तर एक क्लिप जास्त लागते.

ताकदीचा हिशेब

दोराच्या प्रमाणपत्रावर तुटण्याचा भार लिहिलेला असतो. समजा १२ मिमीच्या दोराचा तो ८० किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ८ टन आहे. नीट लावलेल्या क्लिपांचा फास २२ मिमीपर्यंतच्या दोरात त्यातले ८० टक्केच टिकवतो. राहिले ६.४ टन. उचलण्याच्या कामात सुरक्षा गुणक किमान ५ धरला तर हाती उरतो सव्वा टनाच्या आसपासचा भार. दुकानदार 'आठ टनाचा दोर आहे साहेब' म्हणतो, ते खोटं नसतं, पण तुमच्या फासाला लटकवायचा आकडा तो नव्हे. दोन दोरांनी कोनात उचललं तर प्रत्येक दोरावरचा ताण आणखी वाढतो. तो हिशेब वेगळा मांडावा लागतो आणि त्यात अंदाज चालत नाही.

हे ८० टक्के फक्त बरोबर लावलेल्या क्लिपांचे. बाजू चुकली, एक क्लिप कमी पडली किंवा नट सैल राहिला तर टक्का किती उरतो हे सांगणारा तक्ता नसतो.

बाजू: सॅडल ताणावर, यू शेपटावर

नट आणि जाड ठोकळा, म्हणजे सॅडल, ताणाच्या दोराच्या बाजूला. यू-बोल्टची वाकडी कडी शेपटाच्या बाजूला. सगळ्या क्लिपा एकाच दिशेने.

कारण यू-बोल्टचा गोल दांडा दोरावर अरुंद पट्टीत रुततो आणि तारा चेपतो. चेपलेल्या तारा शेपटात असल्या तर फारसं बिघडत नाही, कारण शेपटाच्या टोकाकडे ताण कमी होत जातो. तोच दांडा ताणाच्या दोरात रुतला तर जिथे पूर्ण भार आहे नेमकी तिथेच जखम होते. सॅडलची रुंद खोबण ताणाच्या दोराला जखम न करता धरते.

एक क्लिप सुलटी, एक उलटी लावायची पद्धत अनेक जागी दिसते. 'दोन्ही बाजूंनी सारखं धरतं' असं त्यामागचं स्पष्टीकरण असतं. ऐकायला बरं वाटतं, पण उलटी क्लिप ताणाचा दोर चेपते, म्हणजे एक क्लिप जास्त लावून दोर कमकुवत केला जातो. लांबून नजर टाकली तरी कळतं: सगळे नट एका ओळीत ताणाच्या बाजूला दिसले पाहिजेत.

लावायची रीत

सामान आधी मांडून घ्या: दोर, मापाचं थिंबल, क्लिपा, रिंग पाना, टॉर्क पाना, तारेचा ब्रश, बांधायची मऊ तार आणि रंगाचा खडू किंवा मार्कर. थिंबलशिवाय फास करू नका. थिंबल नसलेल्या फासात दोर शॅकलच्या (पिन असलेल्या जोडकडीच्या) पिनेवर तीव्र कोनात वाकतो, चपटा होतो आणि तिथूनच तुटायला सुरुवात होते. पातळ पत्र्याचं थिंबल भाराखाली मिटतं. जड थिंबल घ्या.

दोर कापायच्या आधी कापायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना मऊ तारेने घट्ट बांधा, नाहीतर पेड सुटतात. कापलेलं टोक बांधलेलंच राहू द्या. क्लिप बसणाऱ्या लांबीवरचं ओघळणारं ग्रीस आणि माती पुसून घ्या, पण दोर रॉकेलने धुऊन कोरडा करू नका. त्याला आतलं वंगण लागतं.

थिंबलभोवती दोर वळवा आणि तक्त्यातली शेपटाची लांबी मोजून खूण करा. लांबी थिंबलपासून मोजायची, फासाच्या टोकापासून नाही. कापताना थिंबलचा घेर जास्त धरा, नाहीतर शेवटच्या क्लिपेला जागाच उरत नाही.

पहिली क्लिप थिंबलजवळ नाही, शेपटाच्या टोकाकडे लावायची. टोकापासून क्लिपेच्या सॅडलच्या रुंदीएवढं अंतर सोडा. सॅडल ताणावर, यू शेपटावर. दोन्ही नट आलटून पालटून, थोडे थोडे फिरवत पूर्ण आकड्यापर्यंत आवळा. एक नट आधी पूर्ण आवळला तर सॅडल तिरपं होतं आणि दुसरा नट कितीही फिरवला तरी दाब सारखा पडत नाही.

दुसरी क्लिप थिंबलच्या अगदी जवळ, ते न हलेल इतकी. ही घट्ट करा, पण आकड्यापर्यंत नाही. दोनच क्लिपा लागत असतील तर आता दोर थोडा ताणून सैलपणा काढा आणि दोन्ही पूर्ण आवळा. तीन किंवा जास्त असतील तर मधल्या क्लिपा सारख्या अंतरावर ठेवून हाताने घट्ट करा. मग फास एखाद्या भक्कम जागी अडकवून दोराला हलका ताण द्या. दोन पदरांमधला फुगा निघून गेला की मधल्या, मग थिंबलजवळची, अशा सगळ्या क्लिपा आकड्यापर्यंत आवळा. फुगा राहिला तर भार फक्त एका क्लिपेवर येतो आणि बाकीच्या शोभेला उरतात. शेपटावर, शेवटच्या क्लिपेला लागून, मार्करने एक रेघ ओढा. पुढे कधी शेपूट सरकलं तर रेघ सांगेल.

टॉर्क पाना नसेल तर? भाराच्या कामाला तो विकत किंवा भाड्याने आणाच. अंदाज यावा म्हणून इतकंच: ३०० मिमी लांब पान्याच्या टोकाला ३० किलोचा जोर लावला तर साधारण ८८ न्यूटन-मीटर होतात. पान्याला पाइप अडकवून उड्या मारणारे तो आकडा कधीच ओलांडून गेलेले असतात आणि आटा ताणून बसतात.

भार दिल्यावर पुन्हा आवळा

हीच पायरी सर्वात जास्त गाळली जाते. पहिला पूर्ण भार आला की दोराचे पेड गाभ्यावर बसतात आणि दोर बारीक होतो, तागाच्या गाभ्यात तर जास्तच. जेवढा दोर बारीक झाला तेवढा नटाचा दाब कमी झाला. नेहमीच्या भाराइतका किंवा थोडा जास्त भार एकदा द्या, तो सुरक्षित मर्यादेतच ठेवून. मग भार उतरवून सगळे नट पुन्हा आकड्यापर्यंत आवळा. जवळजवळ प्रत्येक वेळी नट पाव-अर्धा फेरा तरी फिरतो. तो फिरला याचा अर्थ तो सैल पडला होता.

शेड किंवा खांबाच्या ताणांना टर्नबकल, म्हणजे फिरवून ताण कमीजास्त करायचा आट्याचा जोड, असेल तर आधी क्लिपा पक्क्या करा आणि मग टर्नबकलने ताण द्या. उलट क्रमाने केलं तर टर्नबकलचा सगळा आटा क्लिपेतून सरकणारा दोर ओढण्यात संपतो. मांडव, होर्डिंग आणि शेडच्या ताणांचे नट पहिल्या मोठ्या वाऱ्यानंतर आणि पावसाळ्याआधी पुन्हा तपासा. थरथरणाऱ्या यंत्राजवळच्या क्लिपा दर आठवड्याला.

दोन दोर जोडायचे असतील

तुटलेल्या दोराचे दोन तुकडे एकमेकांवर ठेवून मधे दोन-चार क्लिपा मारणं ही तातडीची जुनी युक्ती. भाराच्या कामात ती नको. प्रत्येक तुकड्याला थिंबलसह वेगळा फास करा, तक्त्याप्रमाणे पूर्ण क्लिपा लावा, आणि दोन्ही फास एकमेकांत गुंतवा किंवा शॅकलने जोडा. असा जोड कप्पीवरून किंवा ड्रमवरून जाणार असेल तर जोड नकोच, दोर नवा घ्या.

पाचरीच्या सॉकेटमध्ये, म्हणजे वेज सॉकेटमध्ये, शेपूट निसटू नये म्हणून क्लिप लावतात. तिथे ती फक्त शेपटावर लावायची. शेपूट आणि ताणाचा दोर एकत्र आवळले तर पाचर बसायचं थांबतं आणि भार क्लिपेवर येतो. ही चूक क्रेनवर वारंवार दिसते, आणि दुरून पाहिलं तर ती चूक वाटतही नाही.

तपासणी आणि टाकून देणं

तपासताना मार्करची रेघ पहिल्यांदा बघा. शेपूट एक-दोन मिलिमीटर जरी सरकलेलं असलं तरी भार उतरवा, नट आवळा, पुन्हा भार देऊन बघा. पुन्हा सरकलं तर क्लिपा काढून दोर, माप आणि आटे तपासा. आवळून गप्प बसवायची ती गोष्ट नाही. दोर थिंबलमधून बाहेर आला आहे का, थिंबल मिटलं आहे का, सॅडल तिरपं आहे का, हे नजरेला दिसतं. क्लिपेच्या तोंडाशी हात फिरवताना जाड हातमोजा घाला, कारण तुटलेल्या तारेची कुसळं तिथेच असतात. ताणाच्या स्थिर दोरात क्लिपेच्या तोंडाशी एकापेक्षा जास्त तारा तुटलेल्या दिसल्या तर तो भाग कापून टाका आणि मागच्या चांगल्या दोरावर नवा फास करा.

काढलेल्या क्लिपा परत वापरता येतात का? घडीव क्लिप असेल, नट हाताने शेवटपर्यंत फिरत असेल, यू-बोल्टचे दोन्ही पाय समांतर असतील, सॅडलच्या खाचा शाबूत असतील आणि गंजाने आटा खाल्ला नसेल तर हलक्या कामाला हरकत नाही. नट मधेच अडकला तर आटा ताणला गेला आहे, ती क्लिप भंगारात टाका. ओतीव क्लिप एकदा काढली की पुन्हा भाराला लावू नका, आणि भंगारात टाकण्याआधी यू-बोल्ट वाकवून टाका, नाहीतर तीच क्लिप संध्याकाळी कुणीतरी वेचून दुसऱ्या दोराला लावलेली असते.